लेकीची पाळी, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि कच्चे तांदूळ

पत्र :

मॅडम, माझी मुलगी नववीत आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली. गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिला पहिल्यांदा पाळी आली. तेव्हापासून एकदाही वेळेवर नाही. या वर्षीच्या तारखा मी लिहून ठेवल्यात : ८ जानेवारी, २१ फेब्रुवारी, १२ मार्च, ९ मे, ५ जून. जूनची तर अकरा दिवस चालली. तालुक्याला दाखवलं. सोनोग्राफी केली आणि ‘दोन्हीकडे बारीक बारीक गाठी आहेत, पीसीओडी आहे, वजन कमी करा’ असं सांगून तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या हार्मोनच्या आहेत असं मेडिकलवाला म्हणाला, म्हणून अजून सुरू केल्या नाहीत. पोरगी तेव्हापासून रात्रीची जेवत नाही. सासूबाई म्हणतात, लग्न झालं की सगळं जागेवर येतं. कबड्डीही बंद करा म्हणतात, पिशवी सरकते. पोरगी दिवसभर मरगळलेली असते, जिना चढली की धापा टाकते, आणि वर डब्यातले कच्चे तांदूळ खात बसते. ओरडलं तरी ऐकत नाही. माझंही पहिल्यापासून अंगावरून खूप जायचं, बहिणीची तर पिशवी काढावी लागली. हिला पुढे मूलबाळ होईल ना? आणि गौरींच्या वेळी पाळी पुढे ढकलायची गोळी दिली तर चालेल का?
— एक आई, जि. सांगली

उत्तर :

ताई,

तारखा लिहून ठेवल्यात हे फार बरं केलंत, त्यांचा मला खूप उपयोग झाला. पण पत्र वाचताना माझी नजर अडकली ती तुम्ही ओघात लिहून गेलेल्या तीन गोष्टींवर : अकरा दिवस चाललेली पाळी, जिना चढताना लागणारी धाप आणि कच्चे तांदूळ. पीसीओडीचं, म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या त्या हार्मोनच्या त्रासाचं, बोलूच आपण. आधी या आठवड्यात तिचं रक्त तपासून घ्या.

कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचा पोपडा, माती, बर्फ, असलं काहीतरी सतत खावंसं वाटणं हे बऱ्याचदा अंगातलं लोह संपत आल्याचं लक्षण असतं. पोर हट्टी नाही, तिला ती ओढ आवरत नाही. म्हणून ओरडू नका. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की ही ओढ आपोआप कमी होते, पुष्कळदा रक्त वाढल्याचं रिपोर्टात दिसायच्याही आधी. मरगळ आणि धाप याच साखळीतली. घरी तिची खालची पापणी जरा खाली ओढून बघा. आतला भाग गुलाबी असायला हवा, तो फिकट, पांढुरका दिसला तर रक्त कमी आहे असं समजा. पण पापणीवर भागवू नका. हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी करा, जमलं तर फेरिटिनही. अंगातला लोहाचा साठा किती उरलाय ते फेरिटिनवरून कळतं, आणि हिमोग्लोबिन अजून घसरलं नसलं तरी साठा रिकामा असू शकतो.

तिच्या वयाला हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं. ८ च्या खाली गेलं तर तो गंभीर रक्तक्षय (पंडुरोग), तिथे वेळ घालवायचा नाही. साडेनऊ-दहा आलं तर ‘आमच्याकडे सगळ्यांचं एवढंच असतं’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवू नका. सगळ्यांचं तेवढंच असतं हे दुर्दैवानं खरंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. शेजारणीच्या मुलीलाही आहे म्हणून आपल्या मुलीचा तो बरा होत नाही.

आता अकरा दिवसांकडे येते. पाळी सात दिवसांच्या वर गेली तर ती जास्त, मग ती महिन्यानं येवो की दोन महिन्यांनी. दिवसांबरोबर रक्त किती जातं तेही बघायला हवं, आणि इथे आयांना बरेचदा काहीच माहीत नसतं, कारण मुली आपलं आपण उरकतात आणि पॅड कागदात गुंडाळून टाकून देतात. शांतपणे, कुणी आसपास नसताना तिला विचारा. तास-दोन तासांत पॅड भिजतं का? रात्री उठून बदलावं लागतं का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का? शाळेत डाग पडेल या भीतीनं पाळीच्या दिवसांत ती दांडी मारते का? यातल्या एखाद्याचंही उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टरांना हेच सगळ्यात आधी सांगा, तारखांचं नंतर.

आणखी एक. तुमचं स्वतःचं अंगावरून खूप जायचं आणि बहिणीची पिशवी काढावी लागली, हे तुम्ही घराण्याचा भोग असल्यासारखं लिहिलंय. माझ्या दृष्टीनं ती महत्त्वाची माहिती आहे. काही घराण्यांत रक्त नीट गोठत नाही. यातला सगळ्यात जास्त आढळणारा आजार फॉन विलेब्रांड या नावानं ओळखला जातो. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी १९२६ मध्ये तो पहिल्यांदा मांडला. पुरुषांना तो असला तरी लक्षात यायला वेळ लागतो, मुलीच्या बाबतीत पाळी सुरू झाली की लगेच दिसतो. लेकीचा घोळणा वारंवार फुटतो का, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का, कुठे आपटलं नसताना अंगावर काळेनिळे डाग उमटतात का, दात काढल्यावर रक्त थांबायला फार वेळ लागला होता का, हे आठवून बघा. तुमच्या बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला होता का तेही. तसं काही असेल तर रक्त गोठण्याच्या तपासण्या कराव्या लागतील. असला आजार निघालाच तर त्यावर औषधं आहेत आणि तो आधी माहीत असणं पुढे बाळंतपणात, ऑपरेशनच्या वेळी फार कामाला येतं.

आता तुमच्या तारखा. पाळी मोजायची ती पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पुष्कळ जणी पाळी थांबल्यापासून मोजतात आणि हिशेब चुकतो. दुसरी गफलत तारखेची होते. मागच्या महिन्यात पाचला आली म्हणून या महिन्यातही पाचलाच यायला हवी असं काही नाही. आणि २ तारखेला येऊन त्याच महिन्यात ३० ला पुन्हा आली, तर ती ‘महिन्यातून दोनदा’ आली म्हणून घाबरू नये. ती २८ दिवसांनी आलेली अगदी वेळेवरची पाळी असते.

तुमच्या तारखांतली अंतरं येतात ४४, १९, ५८ आणि २७ दिवस. पीसीओडीबद्दल (डॉक्टर हल्ली पीसीओएस म्हणतात) जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत किशोरवयीन मुलींसाठी मोजमाप दिलेलं आहे. पहिली पाळी आल्यानंतरचं पहिलं वर्ष कसंही मागंपुढं झालं तरी ते नैसर्गिक धरायचं. एक ते तीन वर्षांच्या टप्प्यात अंतर २१ ते ४५ दिवसांत असावं. तीन वर्षांनंतर २१ ते ३५. आणि पहिलं वर्ष उलटल्यावर एकदा जरी ९० दिवसांच्या वर पाळी लांबली तर थांबून न राहता तपासायचं. तुमच्या लेकीला दीड वर्षाच्या वर झालंय. म्हणजे ४४ आणि २७ बरोबर बसतात, १९ आणि ५८ जरा बाहेर जातात. लक्ष ठेवावं, इतर तपासण्यांबरोबर याचीही चौकशी व्हावी, इतपत हे आहे. झोप उडावी असं काही नाही.

असं का होतं ते लेकीलाच सांगते. पुढचा भाग तिला वाचायला द्या.

बाळ, पाळी पोटात येत असली तरी तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. तो ठरावीक वेळानं पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी अंडाशयांना. अंडाशयात एक स्त्रीबीज वाढू लागतं आणि इस्ट्रोजेन नावाचा हार्मोन तयार होतो. त्यानं गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत जातं. मग स्त्रीबीज बाहेर पडतं. ते बाहेर पडल्यावरच दुसरा हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, पुरेसा तयार होतो आणि तो त्या अस्तराला आवर घालतो, धरून ठेवतो. दोन आठवड्यांनी दोन्ही हार्मोन उतरतात, अस्तर एकदम सुटतं आणि पाळी येते. चार-पाच दिवसांत संपते.

पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं या सगळ्याची घडी बसलेली नसते. इशारे जातात, स्त्रीबीज वाढायला लागतं, पण दर वेळी बाहेर पडतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन एकटंच अस्तर वाढवत राहतं, दीड महिना, दोन महिने. शेवटी ते इतकं जाड होतं की त्याला तग धरवत नाही. ते एकदम सुटायच्या ऐवजी आज इथून, उद्या तिथून असं सुटत राहतं आणि रक्त लवकर थांबत नाही. उशिरा येणं आणि लांबत राहणं, दोन्ही यामुळेच. यात तुझी काही चूक नाही. तू थंड खाल्लंस, पाळीत केस धुतलेस, पळालीस म्हणून हे झालेलं नाही. आणि तुझ्या अंगात घाण रक्त साचलेलंही नाही. पाळीचं रक्त तुझ्या नसांतून वाहणाऱ्या रक्तासारखंच असतं, फक्त त्यात अस्तराचे तुकडे मिसळलेले असतात.

तुझ्याकडून एवढंच हवंय. भिंतीवरच्या कालनिर्णयवर नको वाटत असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिही. आली तो दिवस, थांबली तो दिवस, आणि रोज किती पॅड बदलले. डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जा. आणि रात्रीचं जेवण आजपासून पूर्ववत सुरू कर. का ते आईला सांगते आहे, तूही वाच.

ताई, सोनोग्राफीत दिसलेल्या ‘बारीक गाठी’ म्हणजे ज्यात स्त्रीबीजं वाढतात त्या पुटिका. गाठ म्हटलं की आपल्या मनात कॅन्सरच येतो, पण याचा त्याच्याशी संबंध नाही. या वयात अंडाशयं मोठीच असतात आणि त्यांत अशा पुटिका भरपूर असतात, धडधाकट मुलींतसुद्धा. म्हणूनच त्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएस ठरवायला सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. एएमएच नावाची एक महागडी रक्ततपासणी हल्ली सुचवली जाते, तिचाही या वयात निदानासाठी उपयोग नाही.

मग पीसीओडी म्हणायचं केव्हा? या वयात दोन गोष्टी एकत्र हव्यात : वयाच्या मानानं खरोखर अनियमित पाळी, आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण. म्हणजे हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली राठ केस येणं, औषधांना दाद न देणारी जबर मुरुमं, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं सापडणं. गालावरच्या चार पुटकुळ्या त्यात धरायच्या नाहीत, त्या या वयात कुणाला चुकल्यात! शिवाय थायरॉईडसारखी इतर कारणं आधी वगळावी लागतात. तुमच्या पत्रात केसांचा, मुरुमांचा उल्लेखच नाही. एवढ्या माहितीवर तिला पीसीओडी आहे असं मी म्हणणार नाही, आणि कुणीही म्हणू नये. लक्षणं अर्धवट असतील तर ‘पुढे लक्ष ठेवायचं’ एवढं सांगून अधूनमधून बघत राहायचं असतं, आणि पाळीची घडी बसायला पुरेसा वेळ दिल्यावर मगच ठरवायचं.

याबद्दल मी जरा जास्त कळकळीनं लिहिते आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मारलेला हा शिक्का मुली वर्षानुवर्षं वागवतात. आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं धरून चालतात. स्थळ बघायला आलं की आईच्या पोटात गोळा येतो. आणि यात जो खरा त्रास आहे, म्हणजे रक्त जाणं, तो बाजूलाच राहतो.

एक खूण मात्र घरी बघून ठेवा. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नव्हे. घासून घासून तिची साल काढू नका. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असते, आणि पुढे मधुमेह किंवा पीसीओडी होण्याची शक्यता अशा मुलींत जास्त असते. डॉक्टरांना दाखवा.

आता जेवणाबद्दल. तिची उंची आणि वजन तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे वजन खरंच जास्त आहे का ते मला कळायला मार्ग नाही. जास्त असेल तर ते आटोक्यात आणल्यानं पाळी सुधारते हे खरं. पण जास्त असो वा नसो, चौदा वर्षांच्या वाढत्या मुलीनं रात्रीचं जेवण सोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही असं मेंदूला जाणवलं की हायपोथॅलॅमस ते इशारे देणं कमी करतो. पाळी आणखी लांबते, कधी पार बंद पडते. भराभर वजन उतरवणाऱ्या मुलींत हे होतं, आणि तुमच्याकडे कुस्ती, पळणं, पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या मुलींत मेहनतीच्या मानानं खाणं कमी पडलं तरीही होतं. परीक्षेच्या ताणानं, हॉस्टेलवर गेल्यावर, घरात कुणी गेल्यावर पाळी चुकते तीही याच वाटेनं. म्हणून कबड्डी बंद करायची नाही. पिशवी खेळण्यानं सरकत नाही, ती पोटात पक्क्या बंधनांनी धरलेली असते. हिमोग्लोबिन फार कमी निघालं तर ते वर येईपर्यंत डॉक्टर सराव थोडा कमी करायला सांगतील, तेवढं ऐका. नंतर मैदानावर जाऊ द्या आणि दोन घास जास्त खाऊ द्या. वजन कमी करायचंच असेल तर वडे, फरसाण, बाटलीतलं गोड पेय आणि येताजाता खाल्ली जाणारी बिस्किटं कमी करा. भाकरी-आमटी-भाजी नको.

राहिली बाकीची कारणं. थायरॉईड कमी काम करत असेल तर पाळी अनियमितही होते आणि जास्तही जाते; सोबत बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, उंची वाढायची थांबणं अशा खुणा असतात. टीएसएच ही साधी रक्ततपासणी तिची करून घ्याच. प्रोलॅक्टिन हा दूध आणणारा हार्मोन वाढला तर पाळी लांबते, कधी छातीतून दुधासारखं येतं. फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी पाळी बिघडते. तसं काही चालू असेल तर गोळ्या मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगा. बारीक ताप, वजन घटणं, भूक मरणं असेल तर आपल्याकडे क्षयाचा विचार करावाच लागतो. आणि पाळी अचानक थांबलेल्या कुठल्याही मुलीची डॉक्टर लघवीची गर्भतपासणी करतात. ती सगळ्यांचीच करतात, त्यात संशय नसतो. आईनं तेवढ्यावरून चिडून मुलीला धारेवर धरू नये. कुणी जबरदस्ती केली असेल तर मुलीला ते सांगता यायला हवं, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक तिला माहीत असायला हवा.

हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी एवढंच जोडते की, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी पाळी आलीच नसेल, तर ‘आमच्याकडे उशिराच येते’ म्हणत बसू नका. आणि पाळी आलेली नाही पण दर महिन्याला ओटीपोटात जोरात दुखतं, अशी मुलगी असेल तर आधीच दाखवा. कधी कधी रक्ताला बाहेर यायची वाटच बंद असते आणि ते आत साठत राहतं. छोट्या शस्त्रक्रियेनं ती वाट मोकळी होते.

दाखवायला कुठे जायचं? ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. किशोरवयीन मुलामुलींसाठी तिथे मैत्री क्लिनिक असतं, त्याची चौकशी करा, मुलीला तिथे एकटीनं बोलता येतं. तपासणीची धास्ती घेऊ नका. या वयाच्या मुलीची आतून तपासणी करायची सहसा गरजच पडत नाही. सोनोग्राफी लागलीच तर भरल्या लघवीवर पोटावरून होते.

त्या हार्मोनच्या गोळ्या फेकूनही देऊ नका आणि सुरूही करू नका. चिठ्ठी घेऊन जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा की या गोळ्या रक्तस्राव आवरायला आहेत की पीसीओडीसाठी. हिमोग्लोबिन खाली गेलेलं असेल आणि पाळी अशीच अकरा-अकरा दिवस जाणार असेल, तर काही महिने हार्मोनच्या गोळ्या देणं हा रास्त उपचार आहे. त्यांनी पुढे वंध्यत्व येत नाही, ती भीती मनातून काढून टाका. अर्धशिशीचा त्रास असेल किंवा घरात कुणाच्या पायाच्या नसेत, फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ते मात्र आवर्जून सांगा. नुसतं रक्त कमी जावं यासाठी ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही असतात, त्या पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या असतात. कुठली योग्य ते तिला बघून ठरेल.

लोहाच्या गोळ्या लागतील असं मी जवळजवळ धरूनच चालले आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. एकदा कमी झाल्यावर तेवढ्यावर भागत नाही, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी रोजच घ्यावी लागते. लिंबू सरबताबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतली की लोह अंगी चांगलं लागतं. चहा किंवा दुधाबरोबर कधीच नाही, मध्ये तास-दोन तास जाऊ द्या. पोटात मळमळलं तर जेवणानंतर घ्या. संडास काळी होईल, घाबरू नका. आणि हिमोग्लोबिन बारावर पोचलं की गोळ्या थांबवायच्या नाहीत. रिकामा झालेला साठा भरायला पुढे साधारण तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. इथेच बहुतेक घरांत चूक होते. जेवणात पालेभाज्या, हरभरे, अळीव, तीळ, बाजरी, अंडी, चालत असेल तर मटण किंवा कलेजी, सगळं द्या. बीट लाल असतं म्हणून त्यानं रक्त वाढत नाही, आणि नऊचं हिमोग्लोबिन नुसत्या गूळ-शेंगदाण्यानं बारावर येत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. नातीच्या काळजीनंच त्या बोलत असतील. पण लग्नानं पाळी सुधारत नाही. त्यांच्या काळी सोळा-सतराव्या वर्षी लग्न व्हायचं आणि त्याच सुमारास पाळीची घडीही आपोआप बसायची, म्हणून ते श्रेय लग्नाला मिळालं. रक्त कमी असलेल्या कोवळ्या मुलीवर लग्न आणि पाठोपाठ बाळंतपण येणं जिवावर बेततं, आणि अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे. पाळी आणायचे काढेही नकोत. जिची आधीच अकरा दिवस जाते आहे तिला रक्त आणखी मोकळं करणारं काही द्यायचंच कशाला? दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या.

मूलबाळ होईल का, असं विचारलंत. न होण्याचं एकही कारण तुमच्या पत्रात मला दिसलं नाही. उद्या खरोखर पीसीओडी ठरला तरी असा त्रास असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात. काहींना स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी गोळ्यांची मदत लागते, इतकंच. चौदाव्या वर्षी या प्रश्नाचं ओझं तिच्यासमोर बोलून तिच्या डोक्यावर देऊ नका.

गौरींची गोळी या वर्षी नको. पाळी पुढे ढकलायची गोळी अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते. जिची पाळी कधी १९ दिवसांनी येते आणि कधी ५८, तिची तारीख कशावरून धरणार? अंदाजानं घेतली तर सणात थोडं थोडं अंगावर जात राहतं आणि गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत मोठी पाळी येते, आणि तेच आपल्याला टाळायचंय. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय तर ती कधीच आणू नका. तिला पाळी आली तर येऊ द्या, आणि माझं मत विचाराल तर त्या दिवशीही तिला घरभर फिरू द्या, फराळाला सगळ्यांबरोबर बसवा. मात्र सण असो नसो, तासाला एक पॅड असं दोन-तीन तास भिजत राहिलं, किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न बघता तिला रात्रीच रुग्णालयात न्या. १०८ ला फोन केला की गाडी येते.